डोळे मिटून केलेली चहाडी

माझी प्रार्थना आटली आहे, हे मी आयुष्यात एकाच बाईला सांगितलं, आणि आठ दिवसांत ते सुरतेतल्या सगळ्या मराठी मंडळीला कळलं. आता चार वर्षं झाली. तरी आठवलं की पोळपाटावर लाटणं जरा जोरात फिरतं.

आम्ही लिंबायतला राहत होतो. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, नवरा साड्यांच्या छपाईच्या मिलमध्ये फिटर. दोघंही नगरकडचे, दोघंही ख्रिस्ती घरातले. रविवारी चर्चमध्ये आधी गुजराती मंडळीची उपासना व्हायची आणि ती उरकली की आमची मराठी. त्याआधी तासभर मी चर्चमागच्या खोलीत लहान मुलांची शब्बाथ शाळा घ्यायचे. आठवडाभर शिकवून रविवारी पुन्हा खडू कशाला हातात घेतेस, असं नवरा म्हणायचा. पण साऱ्या आठवड्यात तो एक तास मला माझा वाटायचा.

घरी रोज पहाटे प्रार्थना करायची, हा माझ्या आईनं लावलेला नेम. गुडघे टेकायचे, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायचा, प्रार्थना म्हणायची, उठायचं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर पालिकेनं शहर घासूनपुसून लख्ख केलं, त्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की तोंड प्रार्थना म्हणतंय आणि डोकं तूरडाळीचा डबा भरायचा राहिलाय का ते बघतंय. दुसऱ्या दिवशी तेच. महिनाभर तेच. शाळेत सत्तावीसचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलं असतात. मध्येच थांबवून सत्तावीस साते किती विचारलं, की गप्प होतात. माझं तसं झालं होतं.

मला यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. खोकला झाला की आपण जाणत्या बाईला काढा विचारतो, तसं मी मंडळीतल्या एका वडिलांच्या बायकोला विचारलं. वडील म्हणजे आमच्याकडे चर्चचा कारभार पाहणारे पंच. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. वय साठीचं, शास्त्र तोंडपाठ, आवाज खणखणीत. मी म्हटलं, काकू, रोज प्रार्थना करते, पण समोर कोणी आहे असं वाटतच नाही, काय करावं? त्यांनी माझा हात हातात घेतला आणि धीर धर म्हणाल्या. मला तिथंच शंका यायला हवी होती. त्यांनी उलटून एकही प्रश्न विचारला नव्हता.

दर गुरुवारी संध्याकाळी पाचला बायकांची प्रार्थना असायची, प्रत्येक वेळी वेगळ्या घरी. पद्धत अशी, की एकेकीनं आपली विनंती सांगायची आणि मग काकूंनी सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाचा भाऊ पिऊन येतो, हे सगळं गुरुवारी कळायचं आणि शुक्रवारी पसरायचं. नाव प्रार्थनेचं, म्हणून त्याला चहाडी कोणी म्हणत नसे. मीही म्हटलं नव्हतं, हे कबूल करते. दुसरीची भानगड चालू असताना मीही डोळे मिटून कान उघडे ठेवले होते.

त्या गुरुवारी आम्ही डिंडोलीतल्या एका घरी जमलो होतो. मी काही विनंती सांगितली नव्हती. प्रार्थनेच्या मध्यावर काकू म्हणाल्या, "बापा, आमच्यातल्या एका बहिणीचा विश्वास कोमेजलाय. तिला तू दिसेनासा झालायस. आणि तीच आमच्या लेकरांना तुझ्या गोष्टी शिकवते. तिला सावर."

नाव घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. लेकरांना शिकवणारी मंडळीत मी एकटी. मी डोळे उघडले. आणखी चौघींचे उघडे होते, आणि त्या चौघी माझ्याकडेच बघत होत्या.

आमेन झालं, चहा झाला. दारात चपला घालताना मी काकूंना गाठलं. त्या उलट दुखावल्या. मी तुझ्यासाठी प्रार्थनाच केली ना, मग त्यात वाईट काय, म्हणाल्या.

"प्रार्थना देवाला करायची असते, काकू. तुम्ही महिला मंडळाला केलीत."

"बघ, हाच ताठा तुला देवापासून लांब नेतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. म्हणजे आत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

रविवारी चर्चमध्ये गेले, तर मुलांच्या हजेरीची वही काकूंच्या सुनेच्या हातात. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मला बाजूला घेतलं आणि थोडे दिवस विश्रांती घ्या म्हणाले. मी विचारलं, माझ्या शिकवण्याबद्दल तक्रार आहे का? नाही. मुलं येत नाहीत का? येतात. मग? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, लोक बोलतात. लोकांना बोलायला कुणी दिलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भला माणूस, पण वडील मंडळींपुढे त्यांचं काही चालत नसे, आणि त्यांच्या भलेपणाचा मला त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही.

घरी नवरा म्हणाला, बरं झालं, रविवारी जरा झोप तरी मिळेल तुला. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

सोमवारी पहाटे सवयीनं गुडघे टेकले. नळाला पाणी सहाला यायचं. त्याआधीचा अर्धा तास माझा. मागच्या गल्लीत लूमच्या खात्याचा, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याचा, खडखडाट चालूच होता. त्यात मनातल्या मनात बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. नेहमीची प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला थांबले. मग मोठ्यानं सांगितलं, की तुझ्या नावाखाली माझी अब्रू काढली, माझा वर्ग काढून घेतला, आणि तू नुसता ऐकत बसलास. काकूंबद्दल जे वाटत होतं तेही सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाणी आलं तेव्हा मी बोलतच होते.

डाळीचा डबा एकदाही आठवला नाही, हे शाळेत जाताना रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

मंगळवारी पुन्हा तेच. महिनाभरानं नळावर शेजारणीनं विचारलं. ती खानदेशी, सगळ्या गल्लीशी अहिराणीतच बोलायची.

"मास्तरीनबाई, रोज सकायमा कोनासंगे भांडस व?"

"देवाशी."

"मंग, आयकस का तो?"

"ऐकतो. मध्ये बोलत नाही."

"मना नवरापेक्षा बरा शे मंग," असं म्हणून तिनं कळशी डोक्यावर घेतली.

तिला गंमत वाटली, पण मी खरंच सांगितलं होतं. इतकी वर्षं मी देवाला फक्त ठेवणीतल्या साडीत भेटत होते. आता पदर खोचलेला, केस तसेच, आणि तोंडात तक्रार. त्याला चालत होतं. रोजचा राग बोलून झाला, की खालच्या गोष्टी वर यायच्या. शाळेत एका मुलीला विनाकारण बोलले ते, नवऱ्याशी धरलेला अबोला, गुरुवारी कान टवकारून ऐकलेल्या दुसऱ्यांच्या विनंत्या. ते सांगताना आवाज आपोआप खाली यायचा. शेवटी वर्ग परत मागायचे. रोज, लाज सोडून.

तो मिळाला दीड वर्षानं, काकूंची सून बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा. माफी कोणी मागितली नाही. देवानं वाट उघडली, असं पाळकसाहेब म्हणाले. मी म्हटलं, सुनेनं उघडली. पण वही घेतली. गुरुवारी मात्र परत गेले नाही, आजही जात नाही.

पहिल्या रविवारी मुलांना प्रार्थना म्हणायला सांगितली. सगळ्यांनी म्हटली, सत्तावीसच्या पाढ्यासारखी. मग मी सांगितलं, आता प्रत्येकानं देवाला एकच वाक्य सांगायचं. खरं, आणि स्वतःबद्दलच. दुसऱ्याचं कोणी काढलं तर कान धरीन. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मागच्या बाकावरची सात वर्षांची मुलगी, काकूंच्या लेकीची लेक, डोळे उघडे ठेवून म्हणाली, "देवा, मला इथं यायचा कंटाळा येतो."

दोन-चार मुलं फिदीफिदी हसली. दारात काकू उभ्या होत्या, नातीला न्यायला आलेल्या. त्या काहीतरी बोलायच्या आधी मी "आमेन" म्हटलं, त्यांच्यापेक्षा खणखणीत.