घागरीत टाकलेला हार

जामिनावर सुटलेल्या आमदारावर जेसीबीतून फुलं उधळायला तुम्ही कसे धजावता? परवा नांदेडच्या बाजारात झेंडूचा वास आला आणि बिलोलीजवळच्या आमच्या गावातलं पाण्याच्या टाकीचं उद्घाटन आठवलं. भर उन्हात रिकामी घागर घेऊन आईनं विचारलं, "साहेब, टाकी तर झाली, पन पानी कव्हा येनार?" पाचव्यांदा निवडून आलेल्या साहेबांनी गळ्यातला हार काढून घागरीत टाकला. "घ्या मावशी, भरली!" सगळा मांडव हसला, आई मान खाली घालून परतली. त्या टाकीत कधी थेंब पडला नाही. त्या टाकीचेच पैसे खाल्ल्याचा खटला आता त्याच आमदारावर चालू आहे. मला तो तुरुंगात पाण्याच्या रांगेत उभा असलेला बघायचाय. सोमवारी आई साक्ष देणार आहे. तेव्हा हसलेल्यांनो, कोर्टात या आणि तिच्या शेजारी उभं राहून खरं सांगा.