डिझेलच्या तोटीला लाल फडकं

त्या दिवशी दवाखान्यात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी थोरली लेक होती, बाळंत होऊन तापानं पडलेली. तिची पोरगी होती, काचेच्या पेटीत. शिस्टरबाई होत्या. डॉक्टर होते, नवीनच आलेले, अजून आईच्या हातचं जेवण आठवायचं वय. गाडीचा डायवर होता, दवाखान्याचा जनरेटरही तोच चालवायचा. अन् वॉचमनबाबा होता, आमच्याच सूर्यमाळकडचा. बाहेर बाकड्यावर दोन-चार पेशंट होते, पण त्यांचा यात काही संबंध नाय.

दवाखाना मोखाड्याच्या बाजूला होता एवढंच सांगते. कुठला ते नाय सांगत. तिथल्या माणसांनी माझी नात वाचवली, त्यांना कशाला खाली बघायला लावू.

लेक माझी साखरशेतला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणली. दिवस भरले नव्हते तरी पोटात दुखायला लागलं. जीपनं खाली नेली. पोरगी झाली ती एवढीशी, माझ्या दोन तळहातांत मावेल अशी. रडणं पण मांजराच्या पिलासारखं. शिस्टरबाईंनी लगेच काचेत ठेवली. म्हणाल्या, "मावशी, हिला दुसरं काय नाय, ऊब पाहिजे. अंगावर चरबीच नाय तिच्या. थंड पडली तर दूध ओढायची नाय."

मला ते सांगायची गरज नव्हती. माझं दुसरं बाळ असंच होतं. थंडीचेच दिवस होते, घरातच झालेलं. चुलीपाशी घेऊन बसले, गोधडीत गुंडाळलं, तरी सकाळी ते गार लागलं. तवा कुठली पेटी अन् कुठला डॉक्टर. पुरलं अन् तिसऱ्या दिवशी नाचणीच्या खळ्यावर कामाला गेले. म्हणून त्या काचेतला पिवळा दिवा बघितला अन् मला वाटलं, ही तरी घरी न्यायची. बाकी देवाकडं काय मागितलं नाय.

त्या वर्षी लाइट सारखी जायची. भारनियमन म्हणायचे. पेटीत बाळ नसलं तर जनरेटर कोणी लावायचं नाय, डिझेल वाचवायचे. लेकीला दवाखान्यात आणून दोन रात्री झाल्या असतील, सकाळी ऊन वर आलं अन् लाइट गेली. पेटीतला दिवा विझला. शिस्टरबाई म्हणाल्या, "घाबरू नका, जनरेटर हाय आपल्याकडं." डायवर धावला, हँडल मारलं, मशीन धडधडली अन् दिवा परत लागला. मी हात जोडले.

हात खाली घेऊन पोरीकडं जरा वेळ बघत बसले तोच मशीन खोकायला लागली. मंग गुदमरली. मंग गप्प. दिवा गेला.

डायवर बाहेर हँडल मारमार मारतोय, मशीन काय बोलत नाय. शिस्टरबाईंनी पोरीला पेटीतून काढलं. लेक तापानं कण्हत होती, तिच्याजवळ देता येईना. "मावशी, लुगडं सोडा, छातीशी धरा हिला, अंगाला अंग लागू दे." मी भिंतीकडं तोंड करून खाली बसले. पोरगी छातीवर, वर लुगडं, त्यावर शाल, पाठीशी गरम पाण्याची रबरी पिशवी. मी हललेच नाय. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता, तो मोजत बसले म्हणा, ऐकत बसले म्हणा.

खिडकीतून बाहेरचं भांडण ऐकू येत होतं.

"तोटी कोणी बंद केली रे? डिझेलची तोटी!" डायवर ओरडला.

"मी केली. का?" वॉचमनबाबा ठसक्यात बोलला. "तू उघडी टाकली होतीस. सांडलं म्हणजे?"

"अरे बाबा, ती उघडीच ठेवायची असते! टाकीतनं मशीनला डिझेल कुठून जाईल?"

"उघडीच ठेवायची, मंग तोटी बसवली कशाला?"

मला अशा वेळी पण हसू आलं. छाती हलली तशी पोरगी कुरकुरली, म्हणून दाबलं.

बाबाला हसून काय उपयोग नव्हता. आम्ही सूर्यमाळची माणसं. उन्हाळ्यात झऱ्याशी पहाटेपासून बसायचं अन् वाटीनं पाणी भरून हंडा करायचा. टँकर आला तर त्याच्या तोटीखाली सांडलेलं पण चिखलातून उचलायचं. आमच्या डोळ्यांना उघडी तोटी दिसली की हात आपोआप जातो. बाबा मोखाड्याला बाजारात गेला तरी हॉटेलच्या नळाची तोटी आवळून यायचा. शिस्टरबाईंच्या नळाची आवळायचा. जनरेटरजवळून गेला, ती पण आवळली. एक दिवस नाय, रोज.

डायवर म्हणाला, "बाबा, तू मारलंस आज."

बाबा तवा चिडला. "मी रोज बंद करतो. मंग दर बाजारच्या दिवशी तू मशीन तपासायला चालवतोस ती कशी चालते? तवा काय पाण्यावर चालते?"

बाहेर हँडल खाली टाकल्याचं ऐकू आलं.

मंग डॉक्टरांचा आवाज आला. "किती वेळ चालवतोस तू बाजारच्या दिवशी?"

"एक विडी होईपर्यंत, साहेब."

"अन् तोटी बघतोस?"

"उघडीच असणार म्हणून... नाय बघत."

तिथं सगळ्यांना कळलं. जुनी तोटी आवळली तरी थोडी झिरपायची; आठवडाभरात नळीत अन् फिल्टरमध्ये जेवढं डिझेल साठायचं तेवढ्यावर मशीन एक विडीभर चालायची. डायवर विडी फेकायचा, मशीन बंद करायचा, चांगली हाय म्हणायचा. त्याच्या पुढं ती चाललीच नसती. कोणी चालवून बघितलीच नव्हती.

डॉक्टर पायरीवर बसले, शिस्टरबाईंनी नंतर सांगितलं. "मी तर खुर्चीतून उठत पण नव्हतो," ते म्हणाले. "आवाज आला की म्हणायचो, झालं काम."

दुपारी लाइट आली. पोरीला परत काचेत ठेवलं. शिस्टरबाईंनी तिचे पाय हातात धरले अन् म्हणाल्या, "गरम हायेत." मी उठायला गेले तर माझेच पाय उठेनात.

डायवरनं तोवर तोटी उघडली होती, पण मशीन तरी चालू होईना. नळीनं हवा धरली होती. त्यानं एक बोल्ट ढिला केला, डिझेल ओढायचा खालचा दांडा दाबत राहिला. आधी फसफस फेस आला, मंग नितळ डिझेल. बोल्ट आवळला, हँडल मारलं, मशीन सुरू झाली. सगळे खूश. डायवर म्हणाला, "झालं!" अन् बंद करायला हात घातला.

मी दारात उभी होते. "थांब," म्हटलं. "बंद करू नको. लाइट बंद कर."

"काय?"

"लाइट बंद कर. मशीनवर पेटी चालव. जेवढा वेळ लाइट जाते तेवढा वेळ."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, आत्ता तर लाइट आलीय. आलेली लाइट आपणच कशाला तोडायची? बाळ आत हाय."

"डॉक्टर, ती उद्या जाणारच हाय. तवा काय सांगून जाईल? एका विडीनं माझी नात नाय जगायची. आज मी हाय, ऊन हाय, माझ्या अंगात ऊब हाय. बाळ मी घेते. पेटी मोकळी चालवा."

डॉक्टर शिस्टरबाईंकडं बघायला लागले. त्या म्हणाल्या, "खरं हाय, साहेब. आज बिघडली तर हाताशी सगळे हाय आपण. पेटीत पाण्याची बाटली ठेवू, गरम राहते का बघू."

मी परत भिंतीकडं तोंड करून बसले. डॉक्टरांनी स्वतः मेनचा खटका ओढला. मशीन चालली. एक विडीभर चालली. त्याच्या पुढं पण ती चालतच राहिली. ऊन पायरीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलावर. बाकड्यावरचे पेशंट घरी गेले. मशीन चालूच. शेवटी शिस्टरबाईंनी पेटीतली बाटली आणून माझ्या गालाला लावली. कोमट होती. नुकत्या निघालेल्या दुधासारखी.

वॉचमनबाबा तवापासून एका कोपऱ्यात बसलेला. मंग उठला, तारेचा तुकडा आणला अन् तोटीची मूठ उघडी ठेवून घट्ट बांधली. आपल्या डोक्याच्या लाल फडक्याची पट्टी फाडली अन् तारेवरून गाठ मारली. शिस्टरबाईंकडून कुंकू मागून घेतलं, बोटानं लावलं. देवाच्या झाडाला बांधतात तसं. आमच्याकडं असलं झाड कोणी तोडत नाय, त्याची काटकी पण उचलत नाय.

"आता कोणी हात लावून दाखवा," म्हणाला.

डायवर म्हणाला, "बाबा, सगळ्यात आधी तुझाच हात बांधायला पाहिजे."

"माझा हात देवाला घाबरतो. तुझ्या विडीचं काय ते बघ."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. मंग त्यांनी तिथंच नियम केला. बाजारच्या दिवशी आधी फडकं बघायचं. मंग लाइट बंद करायची, पेटी लावायची, अन् मशीन पुरती तापून चांगली चालेपर्यंत डॉक्टरांनी बाजूला उभं राहायचं. डायवर नसला तर शिस्टरबाईंना अन् बाबालाही मशीन चालू करता आली पाहिजे. शिस्टरबाईंनी त्याच दिवशी हँडल मारून बघितलं. हात सोलला, पण चालू केली.

अन् पुढं तेच झालं. दोन-तीन दिवस गेले असतील, भर दुपारी रस्त्याकडच्या डीपीमधून धूर निघाला, मोठा आवाज झाला अन् आजूबाजूच्या पाड्यांची लाइट गेली. वायरमन सायकलवरून आला, वर बघितलं, म्हणाला, "जळाली. जव्हारहून नवी येईल तवा." कवा येईल विचारलं तर खांदे उडवले.

पेटीतला दिवा विझला होता. डायवर धावला नाय, चालत गेला. आधी फडक्याला हात लावला. मंग हँडल मारलं. दिवा लागला.

सवयीनं त्यानं विडी पेटवली. आम्ही सगळे दारात उभे, कोणी मशीनकडं बघत नव्हतं, सगळे त्याच्या विडीकडं बघत होते. विडी अर्धी झाली. विडी बोटाशी आली. त्यानं फेकली. मशीन चालूच होती.

"आता?" बाबानं विचारलं.

"आता दुसरी पेटवतो," डायवर म्हणाला, अन् शिस्टरबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की आत माझी लेक जागी झाली.

नवी डीपी यायला लय वेळ लागला. डिझेल मोखाड्याहून जीपच्या टपावर कॅनमधून यायचं, बाबा फडक्यातून गाळून टाकीत ओतायचा, एक थेंब खाली पडू द्यायचा नाय. मशीनला मधून मधून थंड करायला लागायचं, तवा पोरगी माझ्या छातीवर. मशीन दमली की मी, मी दमले की मशीन. तिसरी मदत लेकीची. तिचा ताप उतरला अन् शिस्टरबाईंनी पहिल्यांदा पोरगी तिच्या छातीवर ठेवली. लेक म्हणाली, "आये, ही तर तुझ्यासारखी नाक मुरडते." मी म्हटलं, "मुरडू दे. जगली हाय, आता काय पण मुरडू दे."

पोरगी दूध ओढायला लागली. आधी चमच्यानं, मंग आईच्या अंगावर.

लाइट आली त्या दिवशी आम्हाला कळलंच नाय. मशीन इतकी ठणठणीत चालत होती की वायरमनला येऊन सांगायला लागलं, "अहो, बंद करा आता, लाइट आली कवाच!" बाबा बंद करायला तयार नव्हता. म्हणे, "चालू दे जराशी. कानाला चांगलं वाटतं."

पेटीतून पोरीला कायमची बाहेर काढली तवा डॉक्टरांनी स्वतः तिला उचलून माझ्या हातात दिली. बाबा आम्हाला जीपपर्यंत सोडायला आला. पोरीच्या मनगटाला त्यानं त्याच लाल फडक्याचा धागा बांधला होता. साखरशेतला सासूनं विचारलं, हा कुठल्या देवाचा? लेक म्हणाली, डिझेलच्या.

ती पोरगी आता जव्हारला दुकानात कामाला जाते अन् स्कूटर चालवते. उंचीनं माझ्यापेक्षा वर गेली. थंडीत पण स्वेटर घालत नाय, सांगून थकले.

तुम्ही हे वाचताय तर एवढं करा. तुमच्या जवळच्या दवाखान्यात जनरेटर असेल तर एकदा जाऊन सांगा, लाइट बंद करून चालवून दाखवा. आवाज ऐकून परत येऊ नका. एक विडी संपल्यावरही तिथंच उभे राहा.