कुसुमताईंचा शेवटचा कडबा

विद्यानगरातल्या आमच्या इमारतीत किडे शिरले आणि मी कुसुमताईंशी भांडले. भांडले कसली, तोंडच सोडलं. चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकते.

थंडी पडली की ते चपटे तपकिरी किडे ऊब शोधत खिडक्यांच्या फटींत येऊन बसतात. चिरडले की असा वास सुटतो, शी! त्या दिवशी एक माझ्या चहात पडला. मी तशीच तरातरा गच्चीवर गेले. तिथे कुसुमताईंच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या आणि त्यांत किडेच किडे.

कुसुमताई उदगीरकडच्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, पण येळवस कधी चुकवली नाही. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला तिकडे शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, करतात आणि आत पाच दगड पांडव म्हणून पुजतात. यंदा उन्हाळ्यात दिरांनी शेत विकलं. त्या रानातल्या शेवटच्या पाच पेंढ्या ताईंनी कोपीसाठी दिवाळीला बसच्या टपावरून आणल्या होत्या. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "ताई, हा कचरा आजच्या आज हलवा!"

"हौ बाई, नेते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं पेंढ्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या.

मी जिंकले म्हणायचं! पण झालं उलटंच. निवारा मोडल्यावर सगळी फौज खाली माझ्याच घरात उतरली. पडद्यांच्या चुण्यांत, कपाटात, अगदी उशीखाली. करावं तसं भरावं, दुसरं काय.

येळवशीला त्यांनी तरीही मला जेवायला बोलावलं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं होतं. चुन्यानं रंगवलेले पाच दगड मात्र गच्चीवर उघड्यावरच मांडले होते. "देव उन्हात बसलेत यंदा," असं म्हणत ताईंनी पदरानं डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली धावले, हॉलचा जाड पडदा ओढून काढला आणि वर आणून दोन खुर्च्यांवर टाकला. पांडवांना सावली झाली. तेवढ्यात चुणीतून तीन-चार किडे टपटप दगडांपुढे पडले. "अगं बाई!" म्हणत मी झाडू उचलला.

कुसुमताईंनी माझा हात धरला.

"राहू दे गं. आमच्या रानातले हायेत. येळवशीला तिकडचं एवढंच आलंय."