भिंतीवरच्या तीन रेघा

आईला मुतखडा झाला तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरांनी गोळ्या कमी आणि पाणी जास्त सांगितलं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. एरवी जास्तीचं शिक्षण घेतलेल्या या सिस्टरच तपासायच्या, औषध द्यायच्या आणि रागवायच्याही. "रोज तीन तांबे, मावशी. एक संपला की भिंतीवर कोळशानं एक रेघ. आन् खोटं मला चालायचं न्हाई."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर चौथ्या दिवशी यायचा. तरी आईच्या तीन तांब्यांना घरात कुणी हात लावत नव्हतं, आणि संध्याकाळी भिंतीवर तीन रेघा असायच्याच. सिस्टर दर मंगळवारी येऊन त्या मोजायच्या, आईला शाबासकी द्यायच्या आणि आमच्याकडचा दाट दुधाचा चहा घेऊन जायच्या.

गावातल्या म्हशी आटल्या, आमची मात्र दोन्ही वेळा दूध द्यायची. सोसायटीच्या डेअरीत कॅन ठेवताना मी मिशीला पीळ देऊन सांगायचो, "जातच लई चांगली हाय तिची." असा मी शहाणा!

मग आईचे पाय सुजले. सिस्टर स्वतः आमच्याबरोबर एसटीनं अंबाजोगाईला आल्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. पाणी पीत होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी रेघांचं सांगायला लागलो, तर आईच मधे बोलली, "त्यातले दोन तांबे म्हशीच्या बादलीत वतायची मी. ती आटली आसती तर डेअरीत काय घातलं आसतं? मला काय, सवय हाय."

सिस्टर भडकल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, "मी रेघा मोजत बसले. मावशींचं तोंड बघायला पाहिजे होतं." मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. आमचं सगळं वरातीमागून घोडं.

काही महिने डायलिसिसच्या मशीनवर गेले, मग आईच नको म्हणाली. आता सांगणं उलटं झालं होतं: पाणी अंगातच साठतं, म्हणून दिवसाला अर्धाच तांब्या. घरात पाणी होतं आणि तिला द्यायचं नव्हतं. सिस्टर रोज येऊन ओल्या कापसानं तिचे ओठ भिजवायच्या. ती वाचणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शेवटच्या दुपारी आईनं विचारलं, "म्हशीला पाणी पाजलं का रं?"

म्हैस महिन्यापूर्वीच विकली होती. सिस्टरांनी कापूस पुन्हा पेल्यात बुडवला.

"पाजलं, मावशी," त्या म्हणाल्या. "पोटभर पाजलं."