थुंकी वगळलेली गाठ

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून मी आणि माझा मित्र एकाच वर्षी निवृत्त झालो आणि दर रविवारी बरगीच्या जलाशयावर मासेमारीस जाऊ लागलो. कामाची वाटणी स्पष्ट होती. परवाना काढणे आणि त्यातील विलंबाबद्दल खरमरीत पत्रे लिहिणे माझ्याकडे. गळ बांधणे त्याच्याकडे. तो एकच गाठ बांधी. गळाला तीच, शिशाच्या वजनाला तीच, दोन धागे जोडायलाही तीच.

अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला, तेव्हा त्याने मासेमारीच्या दोन्ही काठ्या विकायला काढल्या.

"आता गळ कोण बांधणार, तू? तुझ्या फायलीची नाडी भी वहिनी बांधते."

हे विधान दुर्दैवाने सत्य होते. मी विजय नगरात त्याच्या घरी जाऊन बसलो, त्याला कृती सांगायला लावली आणि तिची रीतसर नियमावली तयार केली. टोक गळाच्या नेढ्यातून न्यावे, मागे वळवून फास करावा, फासातून सहा वेढे द्यावेत, आवळावे. 'मोकळे टोक' या संज्ञेची व्याख्याही दिली. आवळण्यापूर्वी गाठीवर थुंकावे, असे तो म्हणाला होता. रस्त्यावर थुंकणाऱ्यांविरुद्ध मी आयुष्यभर लेखणी झिजवली आहे. ते कलम मी अनावश्यक म्हणून वगळले.

गाठ देखणी झाली आणि पहिल्याच ओढीला तुटली. आणखी तीनदा तुटली. मी धागा बनवणाऱ्या कंपनीला ग्राहक कायद्याचा हवाला देत दोन पानी पत्र पाठवले आणि लेखी माफीची मागणी केली. उत्तर तीन ओळींचे आले. त्यात एकच प्रश्न होता: आवळण्यापूर्वी गाठ ओली केली होती काय?

हा प्रश्न गैरलागू कसा आहे, हे सिद्ध करणारा मसुदा घेऊन मी संतापाने मित्राकडे गेलो. त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

"थुंकला होतास का?"

"मी तसा मनुष्य नाही."

"अरे वकीलसाहेब, कोरडी आवळली की धागा तापते, अन् तापला की तुटते. त्याला तुझी इभ्रत काय माहीत?"

मी दार लावून घेतले. नवी गाठ ओठांत धरून ओली केली आणि सावकाश आवळली. त्याने गळ खिडकीच्या गजाला अडकवला, धागा डाव्या मुठीला गुंडाळला आणि हिसका दिला. गाठ टिकली. तो जन्मभर तपासणी विभागात होता; त्याने आणखी दोन हिसके दिले, मग धागा सोडवून मुठीवर उमटलेला वळ पाहत राहिला.

"रविवारी किती वाजता निघायचं?" त्याने विचारले.

जलाशयावर त्याने काठी डाव्या हातात धरली. पहिला गळ जेमतेम चार हातांवर पडला. त्याने काठी काखेत दाबून धागा गुंडाळून घेतला आणि गळ पुन्हा फेकला. तोही तिथेच पडला. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाला, "तू गाठीपुरता आहेस. बाजूला हो."

मी बाजूला झालो. माझ्या स्मरणात मी विनातक्रार पाळलेला हा एकमेव आदेश आहे.