गुरप्पाचा कान

गुरप्पा मिस्त्री गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. कुणी शंका घेतली तर दिवसभर फुगून बसायचा. सोलापुरात त्याच्या कानाचा दबदबा होता आणि तो त्याला पुरेपूर ठाऊक होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कापडवाले चनमल्लप्पा आपली जुनी विलायती मोटार बैलांनी ओढत घेऊन आले. अक्कलकोटच्या रस्त्यावर इंजिन तापलं, तर या शहाण्या माणसाने त्यात विहिरीचं गार पाणी ओतलं! इंजिनाचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्लॉक उभा तडकला. दुसरा मिळेना. बाकीच्या मिस्त्र्यांनी भंगारात घाला म्हणून सांगितलेलं.

"आमी सांधतो की," गुरप्पा म्हणाला.

बीड सांधण्याइतकं अवघड दुसरं काम नाही. ब्लॉक निखाऱ्यांत लाल करायचा, तडा वितळलेल्या बिडाने भरायचा आणि दोन दिवस राखेत पुरायचा. सावकाश निवला तर वाचला. आतून 'टण्' वाजलं, की पुन्हा तडकला समजायचं. म्हणून गुरप्पा दोन्ही दिवस ढिगाशी बसून राहिला.

तिसऱ्या दिवशी तो खुशीत उठला. "निंगव्वा, एकदाबी वाजलं न्हाय!"

अंगणात ज्वारी निवडणाऱ्या त्याच्या बायकोचा हात थांबला. दोनदा वाजलं होतं. तिला वाटलेलं, त्यालाही कळलंय. गप्प बसावं तर गाडी भर रस्त्यात दगा देणार, आणि सांगावं तर नवऱ्याचा जन्माचा अभिमान जाणार.

"अवो, काल दुपारी दोनदा वाजलं की."

"कुटं? मी हितंच होतो."

"व्हय. हितंच होता तुमी."

गुरप्पाने ब्लॉक काढला, रॉकेल लावून पुसला, वर खडू घासला. तड्यात मुरलेलं रॉकेल वर आलं आणि खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. फार वाईट वाटलं त्याला. मग टोपी घालून स्वतः चनमल्लप्पांकडे गेला. "काम बिघडलं. खडूवर रेघ आली. मला ऐकू येईना झालंय. एकदा परत करू द्या."

दुसऱ्या खेपेला ढिगाशी निंगव्वा बसली. भाकऱ्या गुरप्पाने थापल्या, जाडजूड आणि करपलेल्या. परातीवरून तो घडीघडी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "न्हाय वाजलं."

चनमल्लप्पा समोरच उभे होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, खडू लावून बघत न्हाई का?"

"कशाला?" गुरप्पा राख बाजूला सारत म्हणाला. "तिनं ऐकलंय."