जाऊबाईंच्या खांद्यावरची झोप

मे महिन्यातला रविवार, दुपार. हजर: मी; बाळंतपणाला आलेली आणि आता पुन्हा नोकरी शोधणारी माझी मुलगी; तिची पाच महिन्यांची लेक; आणि नृसिंहवाडीला दर्शन घेऊन परस्पर आमच्याकडे आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे हेही घरात होते, पण तोंडावर पेपर घेऊन, म्हणून मोजत नाही.

तीन वाजता मुलीची लॅपटॉपवर मुलाखत होती. शेवटची फेरी. त्या वेळात बाळ झोपलेलं हवं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. अंघोळ, धुरी, दूध, अंधार, पंखा, या क्रमानं पोर दुपारी हमखास झोपायची. आठवडाभर मी तो क्रम बसवला होता.

जेवणं झाली तशी ती कान ओढायला लागली. मी तिला उचललं, तोच जाऊबाई म्हणाल्या, "आत्तापास्नं कशाला निजवतीस? दमू दे की जरा. दमली की ढाराढूर झोपंल." माझ्या हातून घेऊन त्यांनी तिला मांडीवर नाचवलं, खुळखुळा वाजवला. पोर खिदळली. "बघ, कुठं झोप हाय हिला?"

झोपेची वेळ टळलेलं पोर असंच खिदळतं, मग रडतं. माझी मुलगी तान्ही होती तेव्हा याच बाईंनी तिला असंच जागवलं होतं. संध्याकाळभर ती किंचाळली, तेव्हा सगळ्या घरासमोर म्हणाल्या, "हिला लेकरू निजवता येत न्हाय."  ते मी विसरले नाही.

थोड्या वेळानं व्हायचं तेच झालं. पाठ ताठ, मुठी आवळलेल्या, दूध तोंडाला लागू देईना. मी तिला छातीशी धरून अंधाऱ्या खोलीत फेऱ्या घातल्या. रडणं हुंदक्यांवर आलं, हुंदके उसाशांवर. पाळण्यात ठेवलं, हात अगदी सावकाश काढून घेतला आणि बाहेर आले.

जाऊबाई निघाल्याच होत्या. चार वाजता आमच्याच गल्लीतल्या त्यांच्या घरी भजनी मंडळ जमणार होतं. "येतो गं मी," म्हणाल्या आणि चपलांकडे वळायच्या ऐवजी थेट खोलीत शिरल्या. वाडीचा अंगारा आणला होता. तो बाळाच्या कपाळाला स्वतःच्या हातानं लावल्याशिवाय कसं जायचं? आतून किंकाळी आली.

मुलगी नवा कुर्ता घालून जिन्याशी उभी होती. तिचा चेहरा बघितला आणि माझं ठरलं. मी बाळाला उचलून जाऊबाईंच्या खांद्यावर दिलं.

"तुम्हाला निजवता येतंय ना? निजवा."

"अगं, माझ्या बायका यायच्या हाईत चारला."

"येऊ देत की. हिची मुलाखत तीनला आहे."

मुलीला वरच्या खोलीत पाठवलं, जिन्याचं दार लावलं आणि खोलीच्या दारातच खुर्ची टाकून मेथी निवडायला बसले. वाट बंद.

जाऊबाई फेऱ्या घालत होत्या. बसायला गेल्या की पोर टाहो फोडायची.

"घे की गं आता. गुडघं गेलं माझं."

"उभंच राहायचं ताई. बसलं की तिला कळतं."

ह्यांनी पेपर खाली करून विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही. ताई शिकवतायत मला."

शेवटी जाऊबाईंनी एक अभंग धरला, तोही घामाघूम होऊन, आणि पोर मानेत तोंड खुपसून झोपली. त्यांनी डोळ्यांनीच पाळणा दाखवला.

"नको," मी कुजबुजले. "ठेवली की उठणार. मुलाखत संपेस्तोवर धरा."

त्यांच्या पर्समधला फोन थरथरला. मी तो बंद केला. मला जराही वाईट वाटलं नाही. मेथी संपली होती, ती पुन्हा एकदा निवडली.

मुलीला नोकरी लागली. पुढच्या महिन्यापासून काम सुरू, आमच्याच वरच्या खोलीतून. जाऊबाई गल्लीभर सांगत असतात, "रडून काळीनिळी झालती पोरगी, कुणालाच आवरंना. मी निजवली." सांगू देत. दुपारी बाळाला निजवायला कोण, हा प्रश्न घरात निघाला तेव्हा मी त्यांचंच नाव सुचवलं. मुलगी हसली, आमचे हेही "बरं" म्हणाले. सोमवार ते शुक्रवार, जेवणं झाल्यापासून चारपर्यंत. सगळं पक्कं झालंय. जाऊबाईंना तेवढं सांगायचं राहिलंय.